राज्य निराळे, माणूस निराळा

फराळाच्या ताटाभोवती चार माणसे जमली की गप्पा चकलीवरून राजकारणावर यायला वेळ लागत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्या गप्पांत इस्रायल नि गाझा हटकून येऊ लागले. अशा गप्पा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांत एक गोष्ट फिरून फिरून आढळते. बोलणारा सुरुवात करतो ‘इस्रायलच्या सरकारने असे केले’ ह्या वाक्याने आणि शेवट करतो ‘हे ज्यू लोक असेच!’ ह्या वाक्याने. मध्ये केव्हातरी सरकार मागे पडते नि सबंध जमात पुढे येते. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तेवढ्यात दुसरे कोणी तावातावाने म्हणते, “इस्रायलला नावे ठेवता? म्हणजे तुम्ही ज्यूंचे वैरी!”

दोघे एकमेकांवर तुटून पडतात खरे; पण दोघांचा घोटाळा एकच आहे. राज्य आणि माणूस ही एकच वस्तू आहे, असे दोघेही धरून चालतात.

ह्या घोटाळ्याचा उलगडा करायला मराठी माणसाला फार लांब जायला नको. आपल्या कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली आपल्याला माहीत आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे. बोली मराठी. पुढे ते मुंबईत आले, पलटणीत गेले, शिक्षक झाले, डॉक्टर झाले. डॉ. ई. मोझेस तर १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. वरळीचा रस्ता आजही त्यांच्या नावाचा आहे.

१४ मे १९४८ रोजी इस्रायलची स्थापना झाली आणि ह्या मंडळींतले पुष्कळजण तिकडे जाऊ लागले. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते. धर्माच्या ओढीने, चांगल्या दिवसांच्या आशेने ती गेली. पण तिकडे गेल्यावर सगळ्यांचाच जीव रमला नाही. रंगावरून हिणवले जाते, कामात दुजाभाव होतो, अशी तक्रार करून काहींनी १९५१ साली तेल अवीवमध्ये धरणे धरले. ‘आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा’ असा हट्ट घेतला, आणि त्यांतले कित्येक १९५२ साली परतलेही.

खरी ठिणगी पडली ती दहा वर्षांनी. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे आहे. १९६२ साली ह्या धर्मपीठाने फर्मान काढले की, वर किंवा वधू बेने इस्रायली असेल तर तिच्या आजी-पणजीपर्यंत, जमेल तितके मागे जाऊन, कुळाची चौकशी करावी. घरात लग्न ठरवण्याचा अनुभव असलेल्या वाचकाला ह्यातला अपमान सांगायला नको. शेकडो वर्षे कोकणात शनिवार पाळला, मुलांची सुंता केली, उपास धरले. आणि आता आपल्याच धर्मबांधवांच्या दारात ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ असा सवाल!

ही साधी माणसे रस्त्यावर उतरली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला त्यांनी धरणे धरले. सरकारला जाब विचारला, धर्मगुरूंना जाब विचारला. शेवटी त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करावा लागला की, बेने इस्रायली हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. आणि धर्मपीठालाही त्या फर्मानात बदल करावा लागला.

आता मला सांगा, त्या धरण्याला बसलेल्या पेणकर-रोहेकरांना ज्यूद्वेष्टे म्हणणार काय? त्यांची इस्रायलच्या कारभारावरची टीका चांगली कडक होती. पण ती एका फर्मानावर होती, ते काढणाऱ्यांवर होती, आणि ते बदलताच तिचे काम संपले. राजकीय टीकेची खूण हीच. तिला काहीतरी बदलून हवे असते. द्वेषाला काही बदलून नको असते. समोरचा माणूसच नको असतो.

आणि अशी टीका करणारे ते एकटे नव्हेत. १९८२ च्या सप्टेंबरात बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला ह्या वस्त्यांत लेबनॉनच्या सशस्त्र टोळ्यांनी पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली, त्या वेळी भोवती पहारा इस्रायली सैन्याचा होता. ह्या प्रकाराने इस्रायलमधली माणसेच खवळली. तेल अवीवच्या निषेध सभेला चार लाख लोक जमल्याचे तेव्हा सांगितले गेले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १९८३ साली त्याने संरक्षणमंत्री आरिएल शारोन यांच्यावर व्यक्तिशः ठपका ठेवला आणि त्यांना ते खाते सोडावे लागले. इस्रायलवरची कडक टीका अशी कित्येकदा हिब्रू भाषेतच झालेली आहे.

पण म्हणून टीकेचा झगा घातलेले सगळेच सज्जन असतात असे नाही. दुसरी बाजू पाहायची तर पोलंडात जावे लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडात सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यांतले ३० लाखांच्या आसपास नाझींनी मारले. १९६७ पर्यंत तेथे २५-३० हजार काय ते उरले होते. त्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले. पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने इस्रायलशी संबंध तोडले. येथवर ते परराष्ट्र धोरण होते. कोणाला पटो न पटो. पण पुढच्या वर्षी मार्चमध्ये वॉर्साचे विद्यार्थी स्वातंत्र्य मागत बाहेर पडले, आणि सरकारला खापर फोडायला एक डोके हवे होते. ‘हे सारे झायनवाद्यांचे कारस्थान’ अशी ओरड वर्तमानपत्रांतून नि सभांतून सुरू झाली.

हे झायनवादी म्हणजे कोण? झायनवाद म्हणजे ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र असावे हा विचार. पण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ते प्राध्यापक, डॉक्टर, कारकून ह्यांतल्या पुष्कळांचा त्या विचाराशी काडीचा संबंध नव्हता. कित्येक तर जन्मभराचे कम्युनिस्ट होते! त्यांना कोणी मते विचारली नाहीत. पाहिली ती आईबापांची नावे. १९६८ ते १९७१ ह्या काळात सुमारे १३ हजार माणसांनी पोलंड सोडला. जाताना नागरिकत्व काढून घेतले गेले आणि हाती कागद पडला, तो ‘हा इसम पोलंडचा नागरिक नाही’ असे सांगणारा. छळछावण्यांतून जगून परतलेले लोक वॉर्साच्या ग्दान्स्क स्टेशनावरून पुन्हा एकदा गाडीत बसले. शब्द राजकारणाचा होता. शिक्षा जन्माची होती.

मग सामान्य माणसाने हा फरक ओळखावा कसा? मला वाटते, शाळेत शिकलेले व्याकरण येथे उपयोगी पडते. वाक्याचा कर्ता शोधावा. ‘मंत्रिमंडळाने ठरवले’, ‘सैन्याने बाँब टाकले’ असे वाक्य असेल तर तो आरोप आहे. खरा की खोटा, ते पुराव्याने ठरेल. कर्त्याच्या जागी ‘ज्यू’ आले की पुराव्याचा प्रश्नच संपतो; कारण जन्म हा काही कोणी केलेला गुन्हा नव्हे. दुसरे, माप एकच आहे का ते पाहावे. जे कृत्य इस्रायलने केले तर पाप, ते दुसऱ्या देशाने केले तरी पापच असले पाहिजे. तिसरे, जुनी विषारी कुजबूज कानी येते का ते पाहावे. जग गुप्तपणे ज्यूच चालवतात, असे सांगणारे एक बनावट लिखाण १९०३ साली रशियात निघाले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच त्याची लबाडी उघडी पाडली, तरी ते विष अजून उतरलेले नाही.

एका कृत्याचे माप जातीच्या पदरात घालण्याचा हा रोग आपल्याही घरचा आहे. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला, तेव्हा मारेकऱ्याच्या जातीची म्हणून महाराष्ट्रात घरे जाळली गेली. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी पिस्तूल झाडले नव्हते. मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरीमन हाऊसमध्ये रब्बी पतिपत्नींसह सहाजण मारले गेले. इस्रायलचे धोरण त्या घरात ठरत नव्हते.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेंना ओलीस नेले. पुढच्या दोन वर्षांत गाझात मेलेल्यांचा आकडा तेथील आरोग्य खात्याच्या हिशेबाने ६० हजारांवर गेला. ह्या मृतांबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला सरसकट ज्यूद्वेष्टा म्हणून गप्प बसवणे हा अन्याय आहे. शिवाय त्यात ज्यूंचेही नुकसान आहे. ज्या शब्दाने लांडगा आल्याची हाक द्यायची, तो शब्द ऊठसूट वापरला तर लांडगा खरोखर येईल त्या दिवशी कोण धावेल?

ह्या दोन्ही गोष्टी एका मनात मावतात, ह्याचा दाखला आपल्याजवळच आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंच्या प्रश्नावर लिहिले. ज्यूंच्या छळाने ते व्यथित झाले होते. ख्रिस्ती जगाने त्यांना अस्पृश्यांसारखे वागवले असे त्यांनी सांगितले. आणि त्याच लेखात पॅलेस्टाइनच्या अरबांवर ज्यूंचे राज्य लादणे त्यांना मान्य नाही, असेही स्पष्ट लिहिले. त्यांचे मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण एका वाक्यासाठी त्यांना दुसरे वाक्य गिळावे लागले नाही.

आज भारतात बेने इस्रायली चार-पाच हजारच उरले आहेत. ठाण्यात किंवा अलिबागेत त्यांच्यापैकी कोणी भेटले, तर गाझाचा हिशेब त्यांच्याकडे मागू नये. मागायचाच तर ज्यांनी हुकूम सोडले त्यांच्याकडे मागावा, नि तो खुशाल कडक शब्दांत मागावा. शेजाऱ्याला फराळाचे ताट द्यावे, आणि त्याने घाणा शनिवारी बंद ठेवला तर तो त्याचा धर्म म्हणून सोडून द्यावे. कोकणातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या गावांना हे कित्येक पिढ्या जमले होते.