बर्फ लोटायचा तर अवजार कोणते?

साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचे डोंगर लोटणारे पिवळे यंत्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. चार मोठी रबरी चाके, मधोमध सांधा आणि पुढे भलीमोठी बकेट. त्याला लोडर म्हणतात. ही बकेट काढून तिथे दुसरे अवजार जोडता येते. ज्या मुलखात हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथे हेच यंत्र बाजारांची आवारे, मालगोदामे, इस्पितळांच्या वाटा मोकळ्या करते. त्याला पुढे कोणते अवजार जोडावे, हा वरवर साधा वाटणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकले तर काय होते, ते आधी पाहू.

अमेरिकेत ईरी नावाच्या सरोवराच्या काठी बफेलो हे शहर आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचे पाणी अजून कोमट असते आणि वरून गार वारा वाहतो. तो वारा पाण्यावरून वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर येऊन बर्फाच्या रूपाने ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराजवळच्या ऑर्चर्ड पार्क या गावी चार दिवसांत ८० इंच बर्फ पडला. ८० इंच म्हणजे दोन मीटर! उंच माणूससुद्धा त्यात बुडेल. पुढच्याच महिन्यात, ऐन नाताळात, त्याच भागात हिमवादळ आले. रुग्णवाहिका रस्त्यातच अडकल्या, बर्फ लोटणाऱ्या गाड्याही रुतल्या आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. पाते लावलेल्या गाड्या बर्फ कडेला सारतात खऱ्या. पण कडेलाच माणसाच्या उंचीचा ढीग असेल, तर सारायचे कुठे? तिथे मग लोडरने बर्फ उचलायचा आणि ट्रकमध्ये भरून बाहेर न्यायचा, एवढाच मार्ग उरतो. म्हणून अवजार निवडताना पहिला प्रश्न हा, की बर्फ जाणार कुठे.

दुसरा प्रश्न वजनाचा. बर्फ म्हणजे कापूस, अशी आपली समजूत असते. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ हलका असतो हे खरे. एका घनमीटरला शंभर किलोच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. पण दोन-चार दिवस बसला की तोच बर्फ दोनशे-तीनशे किलो भरतो, आणि पाणी प्यायलेला जुना बर्फ पाचशेपर्यंत जातो. शिक्षकबंधूंनी वर्गात हे गणित अवश्य घालावे: शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आवार आणि त्यावर तीस सेंटिमीटर बर्फ. घनफळ निघते दीड हजार घनमीटर. ताजा असेल तर दीडशे टन. बसून घट्ट झाला, तर पाऊण उंची खचूनसुद्धा वजन तेवढेच राहते. आणि वर पाऊस पडला, तर त्या पाण्याचे वजन आणखी चढते. मुले हे उत्तर सहसा चुकवतात, कारण बर्फ दबल्यावर तो कमी झाला असेच डोळ्यांना दिसते.

आता ओढणाऱ्याची ताकद. किती दाती अवजार जुंपायचे हे बैल पाहून ठरवतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. लोडरच्या बाबतीत मात्र इंजिनाच्या अश्वशक्तीवर भिस्त ठेवून चालत नाही. जोर चाकांच्या पकडीतून येतो. कोरड्या काँक्रीटवर लोडर स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक जोर लावू शकतो. दाबलेल्या बर्फावर जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा. आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर दहावा हिस्सा मिळाला तरी नशीब. म्हणजे बारा टनांचे यंत्र बर्फावर अडीच-तीन टनांचा जोर लावते आणि काचेवर टनभराचा. इंजिन कितीही गुरगुरले तरी चाके जागच्या जागी फिरतात. चाकांना साखळ्या बांधल्या की पकड वाढते, पण साखळ्या फरशी खरवडतात. म्हणून व्यापारी आवारात त्या शक्य तर टाळतात.

एवढे ध्यानात ठेवून अवजारांकडे वळू. इंग्रजीत यांना बर्फाचा नांगर म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. नांगर भुई फाडतो. हे अवजार भुईवरचे सारून नेते. आपल्याकडे शेत सपाट करायला जी केणी ओढतात, ती याची जवळची बहीण.

सर्वांत साधे म्हणजे सरळ पाते. ते हायड्रॉलिकच्या जोरावर डावी-उजवीकडे तिरपे करता येते आणि पुढे जाता जाता बर्फाची वरळी कडेला टाकत जाते. लांब रस्त्याला हे उत्तम. एक खुबी मात्र विसरली जाते. चार मीटरचे पाते तीस अंशांनी वळवले, की साफ होणारी पट्टी साडेतीन मीटरच राहते. तीन मीटरचे पाते घेतले, तर जेमतेम दोन मीटर साठ सेंटिमीटर. लोडरची रुंदी तेवढीच असली, तर मागची चाके न झाडलेल्या बर्फावरून धावू लागतात. तेव्हा पाते मोजायचे ते वळवून.

चौकोनी आवारात हे पाते निरुपयोगी नाही, पण चिडवणारे आहे. बर्फ कडेने निसटतो आणि तोच बर्फ दोन-तीनदा लोटावा लागतो. तिथे दोन्ही बाजूंना गाल असलेला, तीन बाजूंचा खोका लावतात. केणीच ही, फक्त उलटी: मागून ढकलायची. खोक्यात बर्फ अडकून राहतो आणि थेट आवाराच्या टोकाला जाऊन पडतो. त्यात हलणारा भाग नसतो, मोडण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून ठेकेदारांचा तो आवडता. माझेही मत त्याच्याच बाजूला झुकते. पण भुरळ इथेच पडते. चार मीटर रुंद, सव्वा मीटर उंच, मीटरभर खोल खोक्यात पाच घनमीटर मावतात. ताज्या बर्फाचे ते पाचशे किलो, लोडर हसत नेतो. ओल्या बर्फाचे तेच अडीच टन होतात. ढकलायला वजनाइतकाच जोर लागतो असे नाही, पण वजनाबरोबर तो वाढतो, आणि आत बर्फ दाबला गेला की आणखी चढतो. विक्रेता सहा मीटरचा खोका दाखवतो तेव्हा त्याने तो ताज्या बर्फाच्या हिशेबाने दाखवलेला असतो, हे विसरू नये. कोरडा, हलका बर्फ पडणाऱ्या भागात रुंद घ्यावा. समुद्राकाठच्या ओल्या बर्फासाठी एक आकार लहान घेतलेला बरा.

पंख उघडमीट करणारे पातेही मिळते: पंख पुढे वळवले की खोका, पसरले की पाते. काम देखणे करते. पण त्याचे सांधे आणि नळ्या थंडीत सांभाळायला जाणता मिस्त्री हवा. वाऱ्याने जमलेल्या ढिगाला वाट फोडायची असेल तर टोकदार, दोन फळ्यांचे पाते उपयोगी पडते. आवारात त्याचे काम थोडे.

अवजाराच्या तळाची पट्टी, जी भुईला घासते, तिच्याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष सर्वांत कमी जाते आणि खर्च सर्वांत जास्त तिच्यावर होतो. पोलादी पट्टी तुडवला गेलेला बर्फ खरवडून काढते, पण फरसबंदी ओरबाडते. रबरी पट्टी फरशीला जपते, पण गोठलेला थर तिला हलत नाही. पट्टी जितकी स्वच्छ खरवडेल, तितके मीठ कमी टाकावे लागते. आणि शून्याखाली नऊ-दहा अंशांना साधे मीठ हळूहळू निकामीच होत जाते. हे मीठ शेवटी विहिरी-नाल्यांतच उतरते, तेव्हा पट्टीचा विचार केवळ खर्चापुरता नाही.

बर्फाखाली गटाराचे झाकण किंवा कडेचा दगड दडलेला असतो. त्यावर पाते आदळले तर चालक काचेवर आपटतो. म्हणून तळाची पट्टी स्प्रिंगवर बसवतात. दगड लागला की ती मागे झुकते आणि पुन्हा जागेवर येते. स्प्रिंगचा कल्टिव्हेटर ज्याने चालवला आहे त्याला हे लगेच पटेल. शहाणे ठेकेदार पहिला बर्फ पडण्याआधीच आवाराच्या कडांना उंच काठ्या रोवून खुणा करतात.

आपल्या देशात याची खरी कसोटी श्रीनगर–लेह रस्त्यावरच्या झोजी ला खिंडीत लागते. उंची साडेतीन हजार मीटरहून जास्त. तिथे वरून कडे कोसळतात आणि त्या बर्फात दगड, माती, झाडे असतात. असा बर्फ खोक्यात भरून न्यायला जागाच नाही. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. म्हणून सीमा सडक संघटनेची माणसे डोझरने ढीग फोडतात आणि फिरत्या दात्यांच्या यंत्राने बर्फ उडवून दरीत टाकतात. असे उडवणारे अवजार लोडरलाही लावता येते, पण मोठ्या अवजाराला बहुधा स्वतःचे वेगळे इंजिन द्यावे लागते; लोडरचे हायड्रॉलिक त्याला पुरत नाही. दगड अडकला तर मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट तुटतो आणि यंत्र वाचते, रोटाव्हेटरला असतो तसाच.

या संघटनेच्या दलाचे केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. बर्फ कधी न पाहिलेली मुलेही तिथून निघून त्या खिंडीत पोचतात. पूर्वी ही वाट हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२३ साली ती ६८ दिवसांनी उघडली, आणि २०२५ साली ३२ दिवसांनी, १ एप्रिलला.