दोन ‘इत्तेफाक’, दोन खुनी

यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) हा हिंदीतल्या ‘न्वार’ वळणाच्या रहस्यपटांपैकी एक महत्त्वाचा चित्रपट. ‘साइनपोस्ट टू मर्डर’ या इंग्रजी नाटकावरून गुजरातीत ‘धुम्मस’ आलं आणि त्यावरून हा चित्रपट झाला. सायरा बानूंच्या आजारपणामुळे ‘आदमी और इन्सान’चं काम अडलं, तेव्हा मधल्या महिनाभरात तो उरकला गेला. बहुतेक गोष्ट एका घरात, एका रात्रीत घडते आणि गाणं एकही नाही, तेही राजेश खन्ना नायक असताना! पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार दिलीप वेड्यांच्या इस्पितळातून पळून रेखाच्या घरात शिरतो आणि तिथल्या न्हाणीघरात त्याला तिच्या नवऱ्याचं प्रेत दिसतं.

रेखा झाली आहे नंदा. मास्टर विनायकांची ही मुलगी ‘छोटी बहन’पासून (१९५९) सोज्वळ भूमिकांसाठी ओळखली जाई. अमेरिकी न्वारमधली घातकी बाई सहसा आल्या आल्याच ओळखू येते. ‘डबल इन्डेम्निटी’त (१९४४) बार्बरा स्टॅनविक पायातली साखळी मिरवत जिना उतरते, तेव्हाच प्रेक्षक सावध होतो. नंदाच्या बाबतीत तो बेसावध राहतो. पळपुट्या वेड्याच्या तावडीत सापडलेली बिचारी, असं समजून तो तिची काळजी करत बसतो. प्रत्यक्षात पोलीस अधिकारी असलेल्या प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा काटा तिनेच काढलेला असतो. पात्रनिवड हाच इथे पटकथेचा अर्धा डाव आहे.

२०१७चा ‘इत्तेफाक’ जुन्या चित्रपटाचे निर्माते बी. आर. चोप्रांचे नातू अभय चोप्रा यांनी दिग्दर्शित केला. दिलीपच्या जागी लेखक विक्रम सेठी (सिद्धार्थ मल्होत्रा) आला, रेखाच्या जागी माया (सोनाक्षी सिन्हा). मुंबईतली तीच रात्र दोघांच्या जबान्यांतून वेगवेगळी दिसते. ही रीत कुरोसावांच्या ‘राशोमोन’ची (१९५०). मात्र जबानी म्हटली की ती खोटी असू शकते, हे प्रेक्षक आधीच धरून चालतो. त्यामुळे मायावर त्याचा कधीच पुरता विश्वास बसत नाही. शेवटही फिरवलेला आहे: पोलीस विक्रमला सोडून देतात आणि तो विमानात बसल्यावर खरा खुनी तोच असल्याचं कळतं. गाणं याही चित्रपटात नाही. ‘नमक हलाल’मधलं ‘रात बाकी’ नव्याने केलं, ते जाहिरातीपुरतं.

नव्या चित्रपटाची गुंतागुंत जास्त आहे, आणि खवचट तपास अधिकारी देवच्या भूमिकेत अक्षय खन्ना इतरांना सहज मागे टाकतो. धक्का मात्र जुन्याचाच मोठा, आणि त्याचं निम्मं श्रेय नंदाचं.