मालवणच्या समुद्रात आधी कोणाला वाचवायचं?

मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी सागरी अभयारण्यातून जात असते, हे बहुतेक पर्यटकांच्या गावीही नसतं. १९८७ साली घोषित झालेलं हे अभयारण्य जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. त्यात प्रवाळ आहे, कासवं आहेत, डॉल्फिन, पाकट, मुशी आहेत आणि रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, पोट असलेली माणसंही. सगळ्यांना पुरेल एवढा पैसा आणि मनुष्यबळ कोणत्याच वनखात्याकडे नसतं. मग आधी लक्ष कोणाकडे द्यायचं?

‘जो सगळ्यात दुर्मीळ, त्याच्याकडे’ हे उत्तर चटकन सुचतं आणि तिथेच गफलत होते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी जगभरातला धोका सांगते. अमुक खाडीत किंवा तमुक किनाऱ्यावर काय करता येईल, हे सांगणं तिचं कामच नाही. हॉक्सबिल कासव या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, पण कोकणात अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले, आणि त्याची नोंद ‘असुरक्षित’ या त्याहून सौम्य वर्गात आहे. उलट हंपबॅक डॉल्फिन आयुष्यभर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो. खोल समुद्रात निघून जाण्याची सोय त्याला नाही. जाळी, बोटींची वर्दळ, सांडपाणी, सगळं त्याच्याच वाट्याला येतं. या संकटग्रस्त डॉल्फिनची जबाबदारी सिंधुदुर्गावर जास्त येते ती यामुळे.

अंडी वाचली की कासव वाचलं, हा समज तर फारच लाडका. त्याला कारणही आहे. २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सुरू केलेल्या कामामुळे घरटी लुटली जाण्याऐवजी राखली जाऊ लागली, आणि समुद्राकडे धावणारी पिल्लं बघायला लोक मुंबई-पुण्याहून येऊ लागले. हे काम मोलाचंच आहे. पण १९८७ सालीच डेबोरा क्राउझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवांचं गणित मांडून दाखवलं होतं, की अंडी आणि पिल्लं शंभर टक्के जगली तरी तिथली घट थांबत नाही. थांबते ती मोठी होत आलेली कासवं ट्रॉलच्या जाळ्यात मरायची राहिली तर. कासव हवेत श्वास घेतं. ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं.

यावर तोडगा आहे, आणि तो अगदी साधा आहे. जाळ्याच्या निमुळत्या भागात गजांची एक तिरकी चौकट बसवायची. कोळंबी गजांमधून मागे पिशवीत जाते, कासव गजांना अडतं आणि तिथेच ठेवलेल्या फटीतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय बोटींसाठी अशी चौकट तयारही केली आहे. थोडी मासळीही फटीतून निसटते, म्हणून मच्छीमार कुरकुरतात. ती कुरकुर खोटी नाही. महाराष्ट्रात २०१८पासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली, हे म्हणूनच शहाणपणाचं पाऊल.

आणि अभयारण्याची हद्द? ती नकाशावर असते, प्राणी ती पाळत नाहीत. ओडिशात २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, या कल्पनेला तिने चांगलाच धक्का दिला. मालवणपासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत असलेला आंग्रिया बँक हा प्रवाळांचा समृद्ध पठारी भाग तर या २९ चौरस किलोमीटरमध्ये येतच नाही.

प्रवाळ पांढरा पडला म्हणजे मेला, असंही सर्रास मानलं जातं. वास्तविक उष्णतेने त्याच्या पेशींतलं रंगीत शेवाळ बाहेर पडलेलं असतं. प्रवाळ जिवंत असतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर तो सावरू शकतो. समुद्र थंड करणं मालवणच्या हातात नाही, पण त्या नाजूक काळात प्रवाळावर नांगर न टाकणं नक्की आहे. गोलसर दगडासारखा वाढणारा पोराइट्स प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लोखंडी नांगराने उडालेला वीतभर टवका भरून यायला दोन दशकं लागतात.

तेव्हा मालवणात स्नॉर्केलिंगला उतरणाऱ्यांनी होडीवाल्या दादांना नांगर कुठे टाकणार ते आधी विचारावं, आणि फोटोसाठी प्रवाळावर पाय टेकू नये.