डीफॉल्ट सगळ्यात शेवटी लिहा

अपाची अँटच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. डीफॉल्ट व्हॅल्यू फाइलच्या अगदी वर आणि प्रॉपर्टी फाइल वाचणारी ओळ त्यांच्याखाली. नंतरची व्हॅल्यू आधीची पुसून टाकेल, असा यामागचा समज. जावाच्या साध्या व्हेरिएबलचं तसं होतं, अँटच्या प्रॉपर्टीचं होत नाही. तिला पहिल्यांदा मिळालेली व्हॅल्यूच कायम राहते आणि दुसरी गुपचूप सोडून दिली जाते. एरर येत नाही. त्यामुळे फाइलमध्ये पोर्ट ९०९० केला तरी बिल्ड ८०८० च धरून बसतो आणि आपण फाइलचा पाथ तपासत राहतो. व्हर्बोज पर्याय देऊन बिल्ड चालवला, तर मात्र दुसरी व्हॅल्यू दुर्लक्षित केल्याची नोंद दिसते.

म्हणून आधी डेव्हलपरची स्वतःची फाइल वाचावी, मग प्रकल्पाची सामायिक फाइल, आणि डीफॉल्ट शेवटी. स्वतःची फाइल नसली तरी बिल्ड अडत नाही. कमांड लाइनवर दिलेली व्हॅल्यू या सगळ्यांच्या आधी ठरते. मला ही रचना योग्य वाटते: स्क्रिप्ट लिहिणाऱ्यापेक्षा ती चालवणाऱ्याचा शब्द वरचढ असायला हवा.

व्हॅल्यू दिलीच नाही तर ती रिकामी धरली जाते, हेही खरं नाही. अँट डॉलर आणि महिरपी कंसांसकट ते नाव तसंच ठेवतं. प्रकल्पात डॉलरने सुरू होणारा विचित्र फोल्डर सापडला, तर कुठेतरी डीफॉल्ट राहून गेलंय असं समजा.

‘फॉल्स’ हे डीफॉल्ट तर हमखास फसवतं. टारगेटच्या ‘इफ’मध्ये नुसतं प्रॉपर्टीचं नाव असेल, तर ती सेट आहे की नाही एवढंच पाहिलं जातं, ‘फॉल्स’ असली तरी टारगेट चालतं. १.८ आवृत्तीपासून तेच नाव डॉलर आणि कंसात लिहिलं, तर खरं-खोटंही तपासलं जातं.

हे नियम दुसऱ्या टूलला लावू नका. डॉट नेटसाठीच्या नँटमध्ये नंतरची व्हॅल्यू आधीची खरोखरच पुसते. तिथे डीफॉल्ट देताना ‘ओव्हरराइट’ला ‘फॉल्स’ लिहावं लागतं. मेकमध्ये ‘?=’ हे चिन्ह व्हेरिएबल नसेल तरच व्हॅल्यू देतं, पण रिकामं व्हेरिएबलही तिथे ‘आहे’ असंच मोजलं जातं.

तुमच्याकडे अँटचा प्रकल्प असेल, तर प्रॉपर्टी फाइल वाचणारी ओळ डीफॉल्टच्या वर आहे ना, हे आजच पाहून घ्या.