सही करण्याआधी चार प्रश्न विचारा

गेल्या पावसाळ्यात सरावलीतील आमच्या शेजारच्या मावशी मुंबईच्या इस्पितळातून परतल्या आणि पिशवीतून पाच-सहा पानांचा कागद काढून म्हणाल्या, "भाऊ, वाचून सांगा. नव्या औषधाच्या अभ्यासात येता का, असं डॉक्टर विचारतात." रुग्णांचे दोन गट पडणार आणि कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरणार, असे त्यात होते. मावशींनी विचारले, "म्हणजे माझ्यावर प्रयोग का?"

हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू.

१९९९ साली उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या, प्रत्येकी एकदाच. चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा.

२००९ साली निकाल आला. एच.पी.व्ही. विषाणूच्या तपासणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. मी कारकून माणूस, लाखावर हिशेब मांडला: एकीकडे सुमारे १००, दुसरीकडे २०३. बाकीच्या दोन तपासण्यांनी मात्र मृत्यू फारसे घटले नाहीत. म्हणजे तुलनेशिवाय खरे-खोटे कळले नसते. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही याच विषाणू-तपासणीला पहिली पसंती दिली.

पण त्या ६४ जणींचे काय? तपासणीचा उपयोग जगाला ठाऊक असताना एका गटाला ती का दिली नाही, असा आक्षेप काही डॉक्टरांनी घेतला. त्या भागात तशी तपासणी मुळातच होत नव्हती, असे संशोधकांचे उत्तर. वाद काहीही असो, मला एकच वाटते: चौथ्या गटातील बाईला आपण कशात आहोत आणि शेजारच्या गावाला काय मिळते आहे, हे तिच्या भाषेत कळलेच पाहिजे.

म्हणून मावशींना मी चार प्रश्न लिहून दिले. दुसऱ्या गटाला काय मिळणार? एका गटाचे हाल होताना दिसले तर मध्येच आकडे कोण तपासणार आणि अभ्यास कोण थांबवणार? अपाय झाला तर उपचार व भरपाई कोण देणार? मी मध्येच बाहेर पडले तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील का?

हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. २०१९ च्या नियमांनुसार औषध-चाचणीमुळे अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई हा रुग्णाचा हक्क आहे. नैतिकता समितीची मंजुरीही लागते.

मावशींनी चारही प्रश्न विचारले आणि उत्तरे मिळाल्यावरच सही केली. आपल्या घरातील कोणी कागद घेऊन आले, तर आधी तो मोठ्याने वाचून दाखवा. अंगठा नंतर.