‘कोनी’तील स्त्री-व्यक्तिरेखांची प्रतीकात्मता

क्रीडाविषयक कादंबरीचा नायक पुरुष असावयाचा आणि स्त्रिया प्रेक्षागृहात बसावयाच्या, हा संकेत मति नंदी (१९३१–२०१०) यांच्या ‘कोनी’ या बंगाली कादंबरीने मोडला. तीतील स्त्रियांना ‘शक्तीची रूपे’ म्हणून मोकळे होण्याचा मोह अभ्यासकाला सहज पडावा. कादंबरीचा पाठ मात्र त्याला फारशी साथ देत नाही. दीर्घकाळ क्रीडापत्रकारिता केलेल्या या लेखकाची प्रतीके पुराणातून येत नाहीत. ती भूक, मजुरी आणि घड्याळ यांतून येतात.

आरंभीचेच दृश्य घ्यावे. बारुणीच्या पर्वणीस लोक गंगेला आंबे वाहतात आणि वस्तीतील पोरे ते पाण्यात झेपावून पकडतात. पुढे ते बाजारात विकले जातात. त्या झोंबाझोंबीत प्रशिक्षक क्षितीश सिंह यास कोनी, म्हणजे कनकचांपा पाल, प्रथम दिसते. गंगा येथे पतितपावनी नाही, पोटापाण्याची जागा आहे. पुढे अधिक पोहण्याच्या मोबदल्यात क्षितीश अंडी, केळी, टोस्ट देऊ करतो, तेव्हा कोनी खाण्याऐवजी पैसेच मागते. त्या पैशांचा घरी भात होणार, हे त्याला कळते. तिच्या देहाचे श्रम तिच्या स्वतःच्या देहासदेखील पुरते लाभत नाहीत, ही या कादंबरीतील खरी व्यथा होय.

क्षितीशची पत्नी लीलावती हिच्याकडे समीक्षकाचे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. पतीच्या हाती डबघाईस आलेले शिवणकामाचे दुकान तिने ताब्यात घेतले, त्यास ‘प्रजापति’ हे नवे नाव दिले आणि सावरले. प्रजापति म्हणजे बंगालीत फुलपाखरू. नाव कवितेतले, परंतु हिशेब रोकडा. याच दुकानात कोनीला झाडलोटीचे काम मिळते. पतीचा ध्येयवाद पत्नीच्या मिळकतीवर उभा आहे, हे लेखक उच्चरवाने सांगत नाही, पण लपवीतही नाही.

हिया मित्र ही श्रीमंत प्रतिस्पर्धी. तिला केवळ वर्गभेदाचे चिन्ह मानणे अन्यायाचे होईल. प्राणिसंग्रहालयात शिक्षिकेने नाकारलेले पाणी हियाच आणून देते आणि कोनी तो पेला भिरकावते. हा राग पुढे उपयोगी पडेल, असा क्षितीशचा हिशेब! शिष्येच्या अपमानाचे इंधन करणारा हा गुरू आपणास अस्वस्थ करतो, आणि करावयासच हवा. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र हा हिशेब चुकतो. बाजूस बसवून ठेवलेल्या कोनीला रिले शर्यतीसाठी बोलावण्यास येते ती हियाच. ज्या हातचे पाणी नाकारले, त्याच हाताच्या बोलावण्याने ती पाण्यात उतरते.

महाराष्ट्राची रमा जोशी ही व्यक्तिरेखा मराठी वाचकाचे लक्ष विशेष वेधून घेईल. ती कादंबरीभर प्रायः एक नाव आणि एक वेळ म्हणूनच वावरते. क्षितीश ‘७०’ हा आकडा कोनीसमोर ठेवतो, तो या दूरस्थ मुलीला मागे टाकण्यासाठी. तिचे घर, तिची भूक, तिचा प्रशिक्षक यांविषयी लेखक मौन पाळतो. प्रतीक म्हणून ती सर्वांत शुद्ध आणि व्यक्ती म्हणून सर्वांत रिकामी आहे. बंगालच्या कोनीला हाडामांसाची करताना समोरच्या मार्गिकेतील मुलीच्या वाट्याला केवळ सेकंद उरले.