मुंबई ते लंडन : तिकिटावरचे तास आणि खरे तास

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला परदेशी जाणाऱ्या बाया आता आपल्या पिंपळनेर-साक्रीकडेही आहेत. त्यांच्यासाठी आज विमानाच्या तिकिटाबद्दल बोलू या.

समजा, डिसेंबरातलं तिकीट आहे. मुंबईहून दुपारी दीडला निघायचं, लंडनला संध्याकाळी सहाला पोहोचायचं. वाटतं, साडेचारच तास! तेवढ्यात आपली गाडी ताहाराबाद, सटाणा करत नाशिकच्या जरा पुढे जाते. आता परतीचं बघा. लंडनहून रात्री साडेनऊला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. हे झाले साडेचौदा तास. वाट तीच, मग असं कसं?

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरा घेते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, लंडनचं शून्यावर. म्हणून आपण साडेपाच तास पुढे. जाताना साडेचारात साडेपाच मिळवा, झाले दहा. येताना साडेचौदातून साडेपाच वजा करा, राहिले नऊ. हा खरा प्रवास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार धरायचे.

येताना तासभर वाचतो तो वाऱ्यामुळे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. परतताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. सायकलवर शेतातून येताना कळतं ना, तसंच.

अंतर म्हणाल तर सुमारे ७,२०० किलोमीटर. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तीच सगळ्यात जवळची वाट. भिंतीवरच्या नकाशात मात्र ती उत्तरेकडे वाकलेली दिसते. विमान दरवेळी त्याच वाटेने जाईल असंही नाही. एखाद्या देशाने आपलं आकाश बंद केलं की वळसा पडतो आणि वेळ वाढतो. तरी आजचं सुखाचंच. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो, जिनिव्हा करत १० तारखेला पोहोचलं.

तारखेचं मात्र नीट बघा. तिकिटावर १५ तारीख, रात्री १२.४० असेल, तर ती १४ तारखेची रात्र उलटून लागलेली वेळ. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं आणि इथून मुंबईला रस्त्याने सात-आठ तास. म्हणजे १४ ला सकाळीच घर सोडायचं. १५ ला रात्री पोहोचलेल्या बाईचं विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं.

आणि ज्यांना साखरेचा, रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. हिवाळ्यात लंडनला जाण्याचा दिवस २४ नव्हे, साडेएकोणतीस तासांचा होतो. परतीचा होतो साडेअठराचा. मग सकाळची गोळी कोणत्या सकाळी घ्यायची? निघण्याआधी तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, दोन्ही घड्याळांच्या वेळा दाखवा आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. गोळ्या, चिठ्ठी, इन्सुलिन हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवायचं. मोठ्या बॅगेत इन्सुलिन टाकूच नका. ती बॅग विमानाच्या पोटात जाते, आणि तिथल्या थंडीत ते गोठू शकतं.